जुन्या टॅबलेटची उरलेली वर्षे

१६ ऑक्टोबर २०१४ रोजी अ‍ॅपलने एकाच कार्यक्रमात दोन नवे टॅबलेट जाहीर केले: आयपॅड एअर २ आणि आयपॅड मिनी ३. थोड्याच दिवसांत दोन्ही दुकानांत आले. दोन्हींवर ऑपरेटिंग सिस्टिम एकच होती आणि गिऱ्हाइकाला दिसणारा मुख्य फरक आकाराचा होता. पुढे २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ आली तेव्हा मिनी ३ ला ती मिळाली नाही. एअर २ ला ती मिळाली, चौदावी आणि पंधरावीही मिळाली, आणि २०२२ मध्ये सोळावी आवृत्ती आली तेव्हा कुठे तो थांबला. एकाच दिवशी जाहीर झालेल्या दोन वस्तूंपैकी एकीला नव्या आवृत्त्या पाच वर्षे मिळाल्या, दुसरीला आठ वर्षे. मिनी ३ मध्ये आदल्या वर्षीची ए७ चिप आणि १ जीबी मेमरी होती, तर एअर २ मध्ये ए८एक्स चिप आणि २ जीबी मेमरी होती. नवा म्हणून विकला गेलेला मिनी ३ आतून २०१३ चाच होता. याला आणखी एक बाजू आहे. २०१३ चा मिनी २ तेव्हाही दुकानात मिळत होता आणि अमेरिकेत त्याची किंमत मिनी ३ पेक्षा १०० डॉलरने कमी होती. चिप तीच, मेमरी तेवढीच. मिनी ३ मध्ये मुख्य भर पडली होती ती बोटाच्या ठशाने उघडण्याच्या सोयीची. हे दोन्ही मिनी एकाच आवृत्तीवर, म्हणजे आयओएस १२ वर थांबले. ज्याने जुना घेतला त्याचे १०० डॉलर वाचले आणि आयुष्यात एका दिवसाचाही फरक पडला नाही.

जुने मॉडेल घ्यावे का आणि घ्यायचे तर कधी, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण किमतीत शोधतात. नवा ३५ हजारांना आहे, जुना २७ हजारांना मिळतो, म्हणजे ८ हजार वाचले, असा हिशेब केला जातो. माझ्या मते हा हिशेब अपुरा आहे आणि बऱ्याचदा तोट्यात घालणारा आहे. टॅबलेट घेताना आपण काच, धातू आणि बॅटरी विकत घेतो, तशीच त्या यंत्राला पुढे मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची उरलेली वर्षेही विकत घेतो. ही वर्षे आपल्या खरेदीच्या दिवसापासून मोजली जात नाहीत. मॉडेल बाजारात आले त्या दिवशीच त्यांची मोजणी सुरू झालेली असते. मुंबईत भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचे घर घेणारा माणूस पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत हे आधी विचारतो. टॅबलेटच्या बाबतीतही पहिला प्रश्न तोच हवा. म्हणून तुलना किमतींची न करता, किंमत भागिले उरलेली वर्षे या आकड्याची करावी. जुन्याचा हा आकडा नव्याच्या आकड्यापेक्षा स्पष्टपणे खाली येतो तेव्हाच जुने मॉडेल घेण्याची वेळ आलेली असते.

उरलेली वर्षे ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आतली चिप आणि तिच्या जोडीची मेमरी. नवी ऑपरेटिंग सिस्टिम जास्त मेमरी मागते, आणि टॅबलेटमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही. पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये विक्रीला आला तो २५६ एमबी मेमरी घेऊन, आणि २०१२ च्या सप्टेंबरमध्ये आलेली आयओएस ६ त्याला मिळाली नाही. अडीच वर्षांतच त्याची नव्या आवृत्त्यांची रांग संपली. २०११ चा आयपॅड २ मात्र ५१२ एमबी मेमरी आणि ए५ चिप घेऊन आला आणि २०१५ मध्ये आलेल्या आयओएस ९ पर्यंत टिकला. पुढे २०१७ मध्ये अ‍ॅपलने ३२ बिटांच्या चिपांसाठीचा आधार पूर्ण काढून टाकला तेव्हा २०१२ च्या शरद ऋतूतला चौथा आयपॅड बाहेर पडला, पण त्यानंतर वर्षभराने आलेला पहिला आयपॅड एअर ६४ बिटांचा असल्याने आत राहिला. अलीकडचे उदाहरण २०१८ च्या सहाव्या आणि २०१९ च्या सातव्या पिढीच्या आयपॅडचे आहे. दोघांत ए१० हीच चिप आहे. सहावा आयपॅडओएस १७ वर थांबला, सातव्याला १८ मिळाली. दोघांत ठळक फरक मेमरीचा आहे: सहाव्यात २ जीबी, सातव्यात ३ जीबी. दुकानातल्या पाटीवर स्टोरेजचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि मेमरीचा बऱ्याचदा नसतोच. आयुष्याच्या दृष्टीने मात्र न लिहिलेला आकडा जास्त महत्त्वाचा.

दुकानात मॉडेल किती काळ दिसते यावरून त्याचे पुढचे आयुष्य ओळखता येत नाही. पहिला आयपॅड मिनी २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये आला. त्याच्या आत २०११ ची ए५ चिप होती. तरी तो थेट जून २०१५ पर्यंत नवा म्हणून विकला जात होता. सप्टेंबर २०१६ मध्ये आयओएस १० आली आणि तिने त्याला वगळले. शेवटच्या दिवसांत ज्यांनी तो कोऱ्या खोक्यातून घेतला, त्यांच्या वाट्याला नव्या आवृत्त्यांची जेमतेम सव्वा वर्ष आले. पहिल्या दिवशी घेणाऱ्याला जवळजवळ चार वर्षे मिळाली होती. शेवटी घेणाऱ्याची किंमत कमी होती हे खरे, पण ती एक तृतीयांशावर उतरली नव्हती.

रांग संपल्यावर नेमके काय होते, हेही पाहायला हवे, कारण 'नवी आवृत्ती नको, आहे तेवढे चालले तरी पुरे' असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. अपडेट थांबलेला टॅबलेट दुसऱ्या दिवशी तितकाच वेगवान असतो. शिवाय अ‍ॅपलने मुख्य आवृत्त्या थांबल्यावरही सुरक्षेच्या दुरुस्त्या अधूनमधून दिल्या आहेत. आयओएस १२ वर थांबलेल्या २०१३ च्या आयपॅड एअरला जानेवारी २०२३ मध्ये १२.५.७ ही दुरुस्ती मिळाली. त्रास हळूहळू आणि बाहेरून येतो. अ‍ॅप बनवणारे आपली किमान अट वर नेत राहतात, आणि बँकांची अ‍ॅप त्यात आघाडीवर असतात, कारण तिथे पैशांच्या सुरक्षेचा प्रश्न असतो. त्यानंतर ब्राउझरची पाळी येते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी 'लेट्स एनक्रिप्ट' या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधार देणारे एक जुने मूळ प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाले. जगातली असंख्य संकेतस्थळे या संस्थेची प्रमाणपत्रे वापरतात. तिच्या नव्या मूळ प्रमाणपत्राची ओळख आयओएस १० आणि पुढच्या आवृत्त्यांना होती, ९ ला नव्हती. त्यामुळे आयपॅड २, आयपॅड ३ आणि पहिला मिनी यांच्यावर अनेक साधी, निरुपद्रवी संकेतस्थळे अचानक 'असुरक्षित' ठरली. यंत्रात बिघाड नव्हता, पडदा शाबूत होता, पण इंटरनेटचा एक मोठा तुकडा नेहमीच्या पद्धतीने उघडेनासा झाला. दुसरा ब्राउझर टाकून आयपॅडवर फारसा उपयोग होत नाही, कारण तिथले ब्राउझर आतून अ‍ॅपलचेच इंजिन वापरत आले आहेत आणि ते इंजिन ऑपरेटिंग सिस्टिमसोबतच बदलते.

अँड्रॉइडवर ही बाजू थोडी बरी आहे. तिथे क्रोम स्वतंत्रपणे अद्ययावत होतो, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली तरी ब्राउझर काही वर्षे ताजा राहतो. पण त्यालाही शेवट आहे. २०२५ मध्ये क्रोमने अँड्रॉइड ८ आणि ९ यांना नव्या आवृत्त्या देणे थांबवले. ही दोन्ही अँड्रॉइड अनुक्रमे २०१७ आणि २०१८ ची. ज्या स्वस्त टॅबलेटला जन्मापासून एकही मोठी आवृत्ती मिळाली नाही, त्याच्या बाबतीत हा शेवट खूप लवकर येतो.

आता भारतातल्या किमतींकडे वळू, कारण उरलेल्या वर्षांचा हिशेब इथे चांगला तपासता येतो. 'नवे मॉडेल आले की जुने स्वस्त होते' हा सर्वमान्य नियम आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये दहाव्या पिढीचा आयपॅड भारतात ४४,९०० रुपयांना आला. त्याच वेळी नवव्या पिढीच्या आयपॅडची अधिकृत किंमत ३०,९०० वरून ३३,९०० रुपयांवर गेली. जुने मॉडेल महाग झाले. त्या वर्षी डॉलरपुढे रुपया बराच घसरला होता, आणि बाहेरून येणाऱ्या वस्तूची किंमत मॉडेलच्या वयाइतकीच चलनावरही चालते. पुढे मे २०२४ मध्ये दहाव्या पिढीची किंमत ३४,९०० रुपयांवर आली. दहा हजारांची घट आकर्षक होती आणि तेव्हा मॉडेल दीड वर्षाचे होते. मार्च २०२५ मध्ये ए१६ चिपचा नवा आयपॅड आला तोही ३४,९०० रुपयांनाच, आणि ६४ ऐवजी १२८ जीबी स्टोरेज घेऊन. ज्याने फेब्रुवारीत दहावा घेतला, त्याने त्याच पैशांत दोन पिढ्या जुनी चिप आणि निम्मे स्टोरेज घेतले. मे २०२४ मध्ये घेणाऱ्याचा व्यवहार मात्र मी वाईट म्हणणार नाही, कारण त्याने मधले दहा महिने यंत्र वापरले.

याच उदाहरणावर भागाकार करून पाहू. समजा, ए१६ च्या आयपॅडला सात वर्षे मिळतील असे धरले, तर ३४,९०० रुपयांना वर्षाला सुमारे पाच हजार पडतात. दहाव्यातली ए१४ चिप दोन पिढ्या मागची, म्हणून तिची दोन वर्षे कमी, म्हणजे पाच धरली, तर दहाव्या पिढीचा आयपॅड मार्च २०२५ नंतर २५ हजारांच्या आत मिळाला तरच तो नव्याच्या बरोबरीला येतो. निम्म्या स्टोरेजसाठी त्याहून आणखी काही कमी व्हायला हवेत. तो २९ हजारांना मिळत असेल तर कागदावर सहा हजारांची बचत दिसते, पण वर्षाचा दर ५,८०० पडतो. सात आणि पाच हे आकडे मी धरलेले आहेत. कोणी सहा आणि चार धरील. जुन्याची बाजू आणखी पडते. आठ आणि सहा धरले तर थोडी सावरते. पण वर्षे कितीही धरली तरी दोन मॉडेलमधला फरक चिपांच्या वयातून येतो, आणि तो फरक अंदाजावर फारसा अवलंबून नाही.

अँड्रॉइडच्या बाजूला काही कंपन्यांनी वर्षांचा आकडा स्वतःच जाहीर करायला सुरुवात केली आहे, त्यामुळे तिथे अंदाजाची गरज कमी पडते. सॅमसंगने गॅलेक्सी टॅब एस८ (२०२२) आणि एस९ (२०२३) यांना चार मोठ्या आवृत्त्या आणि पाच वर्षे सुरक्षा अपडेटचे आश्वासन दिले. २०२४ च्या शरद ऋतूत आलेल्या एस१० मालिकेला सात वर्षांचे. एस९ आणि एस१० यांच्यात सव्वा वर्षाचेच अंतर आहे, पण सुरक्षा अपडेटचा शेवट २०२८ आणि २०३१ इतका दूर गेला. अशा वेळी एस१० आल्यावर एस९ वर लागलेली सूट कितीही घसघशीत वाटली तरी तीन वर्षांची भरपाई तिच्यातून होते का, हे पाहावे लागते. एरवी एका पिढीचे अंतर म्हणजे एक-दीड वर्ष. धोरण बदलले त्या पिढीच्या सीमेवर ते अंतर दुपटीहून जास्त झाले. जुने मॉडेल घेण्यासाठी याहून गैरसोयीची जागा नाही. अ‍ॅमेझॉनने आपल्या फायर टॅबलेटसाठी वेगळी मोजणी ठेवली आहे: मॉडेल तिच्या संकेतस्थळावर नवे म्हणून शेवटचे विकले गेले त्यानंतर किमान चार वर्षे सुरक्षा अपडेट. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमातही मोजणी विक्री थांबल्यापासून होते आणि ती किमान पाच वर्षांची आहे. महत्त्वाचे सुटे भाग तर सात वर्षे मिळायला हवेत. ही पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते, कारण शेवटच्या दिवशी घेणाऱ्यालाही तीत पूर्ण मुदत मिळते. भारतात असा नियम नाही. तरीही जे मॉडेल युरोपात आणि इथे सारखेच विकले जाते, त्याचे सॉफ्टवेअर बहुधा दोन्हीकडे एकच असते, म्हणून हा नियम इथल्या खरेदीदारानेही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

किंमत खूपच कमी असेल तर वर्षे मोजायची गरज उरत नाही, असे कोणी म्हणेल. एचपीचा टचपॅड १ जुलै २०११ रोजी ४९९ डॉलरना आला आणि सातव्या आठवड्यात, १८ ऑगस्टला, कंपनीने तो बंद केला. उरलेला साठा ९९ डॉलरना काढला तेव्हा तो हातोहात संपला. कंपनीच्या वेबओएस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सेवा जानेवारी २०१५ मध्ये बंद झाल्या. ९९ डॉलरांत तीन-साडेतीन वर्षे म्हणजे भागाकार चांगला येतो, हे मान्य करायला हवे. शिवाय हौशी प्रोग्रामरांनी त्यावर अँड्रॉइड बसवले. पण त्याच वर्षी आलेल्या ब्लॅकबेरी प्लेबुकची किंमतही अशीच ४९९ वरून १९९ पर्यंत उतरली होती, आणि त्याला ब्लॅकबेरी १० ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम मिळेल या शब्दावर लोक थांबले होते. जून २०१३ मध्ये कंपनीने तो शब्द मागे घेतला. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅबलेटचे अनावरण झाले. सरकारला तो सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होता. हेतू उदात्त होता: गरीब विद्यार्थ्याच्या हातात संगणक. आत मात्र २५६ एमबी मेमरी, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, दाबून चालवायचा पडदा आणि मे २०१० चे अँड्रॉइड २.२ होते. त्याच ऑक्टोबरमध्ये गूगलने अँड्रॉइड ४.० जाहीर केले. नवा कोरा आकाश पहिल्याच दिवशी जुन्या मॉडेलच्या जागी उभा होता. उरलेली वर्षे शून्याजवळ असतील तर कितीही लहान किमतीला त्यांनी भागून उपयोग होत नाही, आणि याचा भार ज्यांना दुसरा टॅबलेट घेणे परवडत नाही त्यांच्यावरच पडतो.

सर्वांत सबळ आक्षेप वापराचा आहे. मुलाला बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ वाचायच्या आहेत, आजीला उतरवून ठेवलेली कीर्तने ऐकायची आहेत, गायकाला नोटेशन समोर हवे आहे. यात ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीचा काय संबंध? काही नाही, हे मी मान्य करतो. जे काम इंटरनेटशिवाय आणि खात्यात प्रवेश न करता होते, त्यासाठी रांग संपलेला टॅबलेटही उत्तम, आणि अशा वेळी पडद्याचा आकार आणि बॅटरी एवढेच पाहावे. पण ही हद्द पाळणे अवघड असते. पीडीएफपुरता आणलेला टॅब पुढे शाळेच्या अ‍ॅपला, व्हिडिओ कॉलला, परीक्षेच्या अर्जाला आणि त्या अर्जाचे शुल्क भरायला लागतो. म्हणून वाचनापुरता घ्यायचा असेल तर तो खरोखर स्वस्त घ्यावा आणि त्यावर पैशांचे व्यवहार करू नयेत.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. आयपॅडच्या आयुष्यभरातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाच पडतो, हे अ‍ॅपलचे स्वतःचे अहवाल सांगतात. म्हणून आधीच बनलेले यंत्र जास्त काळ वापरणे योग्यच. पण या युक्तिवादाचा रोख वर्षांवरच आहे. वर्षभरात बदलावा लागणारा जुना टॅबलेट घेतला तर दुसरा लवकर बनवावा लागतो.

तिसरा आक्षेप वाट पाहण्याचा: नवे मॉडेल येणार म्हणून किती थांबायचे? २०१७ ते २०२२ या काळात साधा आयपॅड बारा ते अठरा महिन्यांनी बदलत होता. तो हिशेब धरून २०२३ च्या दिवाळीत कोणी थांबले असेल तर त्याला पुढचा आयपॅड मार्च २०२५ मध्ये दिसला. २०२३ मध्ये तर अ‍ॅपलने एकही नवा आयपॅड आणला नाही. बारावीचे वर्ष तोवर संपून जाते. ज्याला जूनमध्ये यंत्र हवे आहे, त्याने जूनमध्येच घ्यावे. दसरा-दिवाळीच्या सेलपर्यंत थांबून चार महिन्यांचा वापर गमावणेही तोट्यात धरायला हवे. थांबण्याचा विचार निकड नसलेल्यानेच करावा, आणि त्यानेही मॉडेल दीड वर्षाहून जुने असेल तर.

एक गोष्ट भागाकारात नीट बसत नाही: बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी न वापरताही म्हातारी होते, आणि उष्णतेत जास्त वेगाने. दीर्घकाळ ठेवायचे यंत्र अर्धे भारित आणि ३२ अंशांखालच्या जागी ठेवावे, असे अ‍ॅपल सांगते. नागपूर-चंद्रपूरकडच्या एखाद्या गोदामात दोन उन्हाळे काढलेला 'सीलबंद' जुना टॅबलेट त्या अर्थाने नवा नसतो. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. सूट बघण्याआधी ते वाचावे.

वापरलेला टॅबलेट घेताना आणखी काळजी लागते. आधीच्या मालकाने आपले खाते त्यावरून काढले नसेल तर अ‍ॅक्टिव्हेशन लॉकमुळे आयपॅड उघडतच नाही, म्हणून पैसे देण्यापूर्वी तो पूर्ण पुसून नव्याने सुरू करून दाखवायला सांगावे. त्याहून सूक्ष्म अडचण ओळखण्याची आहे. सातव्या, आठव्या आणि नवव्या पिढीचे आयपॅड बाहेरून जवळजवळ एकसारखे आहेत: तोच १०.२ इंची पडदा, तेच होम बटण, तेच लाइटनिंगचे छिद्र. आत सातव्यात ए१०, आठव्यात ए१२ आणि नवव्यात ए१३ चिप आहे. २०२५ मध्ये आलेली आयपॅडओएस २६ सातव्याला मिळत नाही, उरलेल्या दोघांना मिळते. विकणाऱ्यालाही बऱ्याचदा हा फरक ठाऊक नसतो. पाठीवर बारीक अक्षरांत मॉडेल क्रमांक कोरलेला असतो. फक्त वाय-फायच्या आयपॅडवर ए२१९७ असेल तर तो सातवा, ए२२७० असेल तर आठवा, ए२६०२ असेल तर नववा. अक्षरे झिजली असतील तर सेटिंग्जमध्ये 'जनरल' आणि त्याखाली 'अबाउट' उघडून तोच क्रमांक पाहता येतो.